पातीचा चहा आणि दमट हवा : परसातल्या पानाफुलांचा चहा, लावणीपासून बरणीपर्यंतच्या नोंदी

८ जून

जागा गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, घरामागे, कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद मोकळी पट्टी. माडांची सावली दुपारी तीननंतर येते, त्याआधी पाच तास चांगलं ऊन. माती जांभ्याची, तांबडी; हातभर खणलं की चिरा (जांभा दगड) लागतो. सामू ५.४. दर चौरस मीटरला दोन ओंजळी चाळलेली चुलीची राख आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत मिसळलं. गवती चहाला आंबट माती चालते, राख तुळशीसाठी.

लावलं ते असं. गवती चहाचे सहा ठोंब, प्रत्येकात तीन फुटवे, दोन ठोंबांत ६० सें.मी. अंतर. फुटव्याची पात १५ सें.मी.वर छाटली, नाहीतर मुळं धरायच्या आधी पातीतूनच पाणी उडून जातं. खोली फक्त पाच-सहा सें.मी. पावसाच्या तोंडावर खोल लावलेला फुटवा गाभ्यातून कुजतो. तुळस बारा रोपं, सहा राम आणि सहा कृष्ण, ४० सें.मी.वर. कुंपणाला निळी गोकर्ण, बिया रात्रभर भिजवून. कवच जाड असतं, न भिजवता पेरलं तर उगवण मागेपुढे होते. पुदिना वाफ्याच्या खालच्या टोकाला. आलं मे अखेरीलाच लागलं आहे. दालचिनी कुळागरात जुनीच आहे, इथली तिखी.

अंबाडीचं बी मागताना नीट सांगावं लागतं. गोव्यात नुसतं अंबाडे म्हटलं की सासवात (मोहरीच्या कालवणात) पडणारी आंबट फळं समोर येतात. भाजीची अंबाडीही चालत नाही, तिची बोंडं सुकी आणि कुसळी. चहाला हवी ती लाल, मांसल बोंडांची अंबाडी. आठ बिया, ७० सें.मी.वर, झाड माणसाच्या छातीएवढं होतं.

२३ जून

पाऊस धरला. सपाट वाफ्यात पाणी तुंबतं. चिरा वर असल्याने ते खाली मुरायला वाट नाही. तुळशीच्या दोन्ही बाजूंनी चर काढून वाफे वीतभर उंच केले. गवती चहाच्या बुंध्याशी माती चढवली. कृष्ण तुळशीची दोन रोपं गेली, पावसाच्या धारेने माती उडून मुळं उघडी पडली होती. उरलेल्यांच्या बुडाशी नारळाची सोडणं पालथी मांडली. त्याने थेंबांचा मार सोडणावर बसतो आणि चिखल पानांवर उडत नाही. चिखल उडालेलं पान कितीही धुतलं तरी चहात माती लागते.

१७ जुलै

पुदिना कुजला. खालची पानं पिवळी, मग देठ काळे, ओढलं की हातात येतात. चूक सरळ आहे: वाफ्याच्या खालच्या टोकाला सगळं पाणी येतं आणि पुदिन्याला ओल हवी असते, तुंबलेलं पाणी नको असतं. वाचलेल्या धावत्या देठांचे बोटभर तुकडे, प्रत्येकाला दोन-तीन डोळे, चार पसरट कुंड्यांत आडवे पुरले. कुंडीत एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग खत. कुंड्या पागोळ्यांच्या आत, पडवीच्या कठड्यावर. इथे चार महिने पुदिना छपराखालीच ठेवायचा.

९ ऑगस्ट

तुळशीचे शेंडे खुडले. वीतभर उंचीला पहिला खुडा, नंतर प्रत्येक फांदीला चार जोड्या पानं आली की वरची जोडी काढायची. मंजिरी दिसताच मोडायची. बी धरायला लागलं की पानं लहान होतात आणि वास उतरतो. शेंडे वाळवण्यासारखे नव्हते, ताजेच वापरले.

गोकर्णीला पहिली फुलं. बारीक उघडीप आहे त्या दिवशीच काढायची, भिजलेलं फूल संध्याकाळपर्यंत काळपट लगदा होतं.

१२ सप्टेंबर

गवती चहाची पहिली कापणी, लावणीनंतर ९६ दिवसांनी. जमिनीपासून १५ सें.मी. सोडून विळ्याने कापला. त्याच्या खाली पांढरा गाभा असतो, तो कापला तर पुढचा फुटवा अडतो. सहा ठोंबांत ३.२ किलो पात. पातीच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घालून काम. दोन ठोंबांवर तांबूस-तपकिरी ठिपक्यांच्या रेघा, तांबेरा. ती पात वेगळी काढून जाळली, कुजवणात टाकली नाही.

मग जे करायला नको होतं ते केलं. पातीच्या जुड्या बांधून पडवीच्या वाशाला टांगल्या. पुस्तकी पद्धत अशीच सांगते: सावलीत, वाऱ्यावर, जुड्या बांधून. चौथ्या दिवशी जुडीची बाहेरची पात हिरवी कोरडी, आतली पिवळसर, मऊ आणि बुरशीच्या वासाची. सगळी फेकली.

कारण हवेत आहे. पडवीतला आर्द्रतामापक दिवसा ८८, रात्री ९४ टक्के दाखवत होता, तापमान २७. अशा हवेत पान कितीही दिवस टांगलं तरी त्यातला ओलावा बुरशीच्या मर्यादेखाली उतरत नाही, कारण ज्या हवेत ते सुकायचं ती हवाच भरलेली आहे. कोरड्या मुलखात चालणारी पद्धत इथे ऑक्टोबर उलटेपर्यंत चालणार नाही. वारा घातला तरी दमट वाराच लागतो. हवा गरम करणं एवढाच उपाय. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा तशीच ४२ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातली वाफ तेवढीच राहते पण सापेक्ष आर्द्रता ३९-४० टक्क्यांवर येते. तीच हवा आता पानातलं पाणी ओढते.

चुलीवरच्या माळ्याचाही विचार झाला, सोलां (कोकमाची सुकी सालं) आणि मिरच्या तिथे राहतातच. एक सूपभर तुळस ठेवून पाहिली. तीन दिवसांत छान कडक झाली, आणि चहा धुराचा लागला. सुगंधी पान धूर लगेच धरतं.

२० सप्टेंबर

वाळवणीची पेटी. १२ मि.मी. प्लायवूड, रुंदी ६०, खोली ४५, उंची ९० सें.मी. पुढे बिजागरीचं दार, कडेला फोमची पट्टी.

तळाशी दोन १०० वॉटचे तारेचे जुने बल्ब. एलईडी चालत नाहीत, इथे उजेड नको, उष्णता हवी. होल्डर चिनी मातीचे. प्लास्टिकचा होल्डर बंद पेटीत तासाभरात मऊ होतो. बल्बच्या वर १० सें.मी. अंतरावर पत्र्याचा आडोसा, पेटीपेक्षा चहूबाजूंनी चार सें.मी. लहान. तो दोन कामं करतो: पानांवर थेट उजेड पडत नाही, आणि वरून पडणारा सुका चुरा तापलेल्या काचेवर जात नाही. आडोसा विसरलात तर आग लागू शकते, म्हणून पेटी पहिल्या दिवशी रिकामी चालवून शेजारी बसून पाहायची आणि पुढेही रात्री एकटी चालू ठेवायची नाही.

दोन्ही बाजूंना तळाशी तीन सें.मी. व्यासाची पाच-पाच भोकं, आतून जाळी. हवा तिथून आत. वर मधोमध संगणकातला १२ सें.मी.चा पंखा, हवा बाहेर ओढणारा. चार ताटं, लाकडी चौकटीवर नायलॉनची मच्छरजाळी ताणून, दोन ताटांत १२ सें.मी. मधलं अंतर. जस्ताची जाळी लावली नाही. अंबाडीचं आणि भिरंडीचं (कोकमाचं) आंबट जस्ताला खातं आणि ते चहात उतरतं.

२१ सप्टेंबर

पेटी तापेना. तासाभरानंतर वरच्या ताटाशी ३४ अंश, पुढे हलत नाही. बल्ब वाढवायची घाई केली नाही. पंखा १२ व्होल्टवर इतकी हवा ओढतो की २०० वॉट तिला सात-आठ अंशच चढवतात. पंखा मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर जोडला. निम्म्याहून कमी वेगाने फिरतो, सुरुवातीला बोटाने ढकलावा लागतो, पण चाळीस मिनिटांत वरच्या ताटाशी ३९, खालच्याशी ४५. हे जमलं. पंखा पूर्ण बंद करून ५२ पर्यंतही जातं, पण मग आतली हवा वाफेने भरते आणि पानं वाळायऐवजी उकडतात, रंग तपकिरी होतो.

ताटं दर दोन तासांनी खालची वर, वरची खाली. एका वेळी किलोभरच ओला माल, ताटाला २५० ग्रॅम, एकावर एक पान न येता.

२५ सप्टेंबर

९०० ग्रॅम ताजी पात. वाळवण्याआधी १० सें.मी.चे तुकडे केले, बारीक नाही. जितकी बारीक कापणी तितक्या जास्त उघड्या जखमा, आणि पातीचा लिंबाचा वास त्या जखमांतूनच उडतो. नऊ तासांत कडक, २४० ग्रॅम. वाळल्यावर कात्रीने पाच मि.मी.चे तुकडे. रंग फिकट हिरवा, चोळल्यावर वास भरपूर.

सहाव्या तासाला वीज गेली, दीड तास. अशा वेळी दार उघडं टाकायचं. गरम, ओलं पान बंद पेटीत राहिलं तर दोन तासांत आंबूस वास धरतं.

११ ऑक्टोबर

तुळशीची पहिली मोठी कापणी, मंजिरी नुकत्या डोकावताना. आदल्या दिवशी दुपारी झाडांवर पाण्याचा फवारा मारून पानं धुतली आणि सकाळी दव सुकल्यावर नऊच्या पुढे कापली. कापून मग धुतलं तर ओलं पान पेटीत दोन तास जास्त खातं. बुंध्यापासून २० सें.मी. सोडून कापायची, खालच्या डोळ्यांतून परत फुटते. इथे नवा फुटवा पाच-सहा आठवड्यांत येतो.

पहिल्या हप्त्यात चूक: सगळी तुळस टोपलीत दाबून दोन तास पडवीत राहिली. खालची पानं गरम झाली, चेचली आणि वाळल्यावर काळी. चेचलेल्या पानाचा रस हवेला लागला की सफरचंदाच्या फोडीसारखा काळा पडतो. दुसरा हप्ता कापला तसा थेट ताटावर, हिरवा राहिला. कृष्ण तुळस कशीही वाळवली तरी जांभळट-काळीच दिसते, ते बिघडणं नव्हे.

१००० ग्रॅम पानं-कोवळे देठ यांचे २०५ ग्रॅम. तापमान ४२च्या वर जाऊ दिलं नाही.

वृंदावनातल्या तुळशीला हात लावायचा नाही हे घरात ठरलेलंच, आणि द्वादशीला नि रविवारी खुडायचीही नाही. चहासाठी वेगळा वाफा असला की हा प्रश्नच येत नाही.

३ नोव्हेंबर

तुळशीच्या पानांवर पांढुरके बारीक ठिपके, खालून काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे किडे, दोन-तीन मि.मी.चे. तुळशीवरचा जाळपंखी ढेकूण. रस शोषतो, पान वाटीसारखं वळतं. लिटरभर पाण्यात पाच मि.लि. कडुनिंबाचं तेल, दोन मि.लि. साबणाचं द्रावण, पानांच्या खालून फवारा, सात दिवसांनी पुन्हा. नंतर दोन आठवडे तोड बंद, नाहीतर कडुनिंब चहात लागतो. रस्त्याकडेच्या किंवा डासांचा धूर मारलेल्या भागातल्या झाडाचं पान घ्यायचं नाही.

२२ नोव्हेंबर

अंबाडीची बोंडं लाल, टणक. फूल गळल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी, बोंड कुरकुरीत असतानाच काढायचं. उशीर झाला की दलं चामट होतात. लोखंडी नळीचा १२ मि.मी.चा तुकडा एका टोकाला घासून धार आणली. बुडाकडून दाबला की आतलं बी निघतं आणि लाल दलं अख्खी राहतात. तासाला किलोभर होतं, चाकूने निम्मं.

ऊन आता कडक, दुपारी आर्द्रता ५५. अंबाडी उन्हातच, ताटांवर पातळ कापड टाकून, रात्री आत. हिला उन्हाने काही होत नाही, वास तसाही नाही, आहे तो आंबटपणा. चार दिवस. १००० ग्रॅमचे ११५. तुळस, पाती (गवती चहा), पुदिना मात्र उन्हात कधीच नाही. दोन दिवसांत रंग गवतासारखा आणि वासही तेवढाच.

गोकर्णीची फुलं रोज पंधरा-वीस, सावलीत कागदावर, आता तीन दिवसांत कडक होतात. शंभर ग्रॅमचे जेमतेम दहा. बुडाची हिरवी वाटी काढली तर चहाला गवताचा वास कमी.

६ डिसेंबर

बरणीत भरण्याआधीचा आठवडा. ही पायरी सगळे गाळतात आणि मग जूनमध्ये बुरशी आली म्हणून हळहळतात.

ताटावरचं पान हाताला कडक लागतं तेव्हा पातळ भाग वाळलेला असतो, देठात ओल राहते. बरणीत गेल्यावर ती ओल दोन दिवसांत पानात पसरते. म्हणून: काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरायचं, झाकण लावायचं, रोज एकदा हलवायचं. पहिल्या दोन दिवसांत काचेला धुकं दिसलं किंवा पानं चिकटली, तर परत पेटीत. त्याहून पक्की खात्री: छोटा डिजिटल आर्द्रतामापक बरणीत टाकून बंद करायची, २४ तासांनी वाचायचं. ५० किंवा खाली असेल तर ठेवणीला योग्य. ६० च्या पुढे बुरशीला जागा आहे. मधलं असेल तर त्याच महिन्यात संपवायचं.

आजचे आकडे: पाती ४३, तुळस ४७, अंबाडी ५६ (बुडाची जाड दलं), गोकर्ण ४०. अंबाडी आणखी एक दिवस उन्हात, मग ४६.

पुदिना ६४ निघाला. पानं कुस्करली जात होती, देठ वाकत होते, मोडत नव्हते. देठ काढून टाकले, फक्त पानं परत तीन तास पेटीत, ४५. पुदिन्याचं १००० ला १४० पडतं, देठ काढल्यावर त्याहून कमी.

ओव्याचं पान आजमावलं आणि सोडून दिलं. जाड, पाण्याने भरलेलं. सोळा तासांनी मधे ओलं आणि कडेला काळं. ते ताजंच, एका कपाला एक पान.

१० जानेवारी

आलं काढलं, पानं पिवळी पडून लोळल्यावर. धुऊन, साल चमच्याने खरवडून, आडव्या तीन मि.मी. चकत्या. त्याहून जाड चकती वरून कडक आणि आतून चिवट राहते. उन्हात दोन दिवस, मग पेटीत ५० अंशांवर पाच तास. कंदाला पानापेक्षा जास्त उष्णता चालते. १००० चे १९० ग्रॅम. मोडताना टक् आवाज यायला हवा. खलबत्त्यात तीन-चार मि.मी.चे तुकडे, चाळणीने भुकटी वेगळी. भुकटी चहात घातली तर गाळणीतून उतरते आणि शेवटचा घोट घशाला लागतो; ती दुधाच्या चहाला.

तिखीची पानं जून, गडद बघून काढली, पुसून सावलीत सहा दिवस. शिरा काढून चुरली. कोवळ्या तांबूस पानांना वास कच्चा.

२४ जानेवारी ते २ फेब्रुवारी

मिश्रणं. सगळी मापं वजनाने, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. चमचा इथे फसवतो: एक सपाट चहाचा चमचा चुरलेली तुळस ०.७ ग्रॅम भरली, आल्याचे तुकडे २.१ ग्रॅम. म्हणजे चमच्याने समसमान घेतलेलं मिश्रण वजनाने तीन भाग आलं आणि एक भाग तुळस होतं. लोक म्हणतात तिखट फार झालं, ते यामुळे.

मिश्रण १. पाती ५०, तुळस ३०, आलं २० टक्के. तुळस सगळ्यांवर बसते, पातीचा वास मागे. आलं बरणीच्या तळाशी. पहिले दहा कप बेचव, शेवटचे तीन जाळ.

मिश्रण २. पाती ५५, तुळस २०, आलं १०, तिखीची पानं १५. लवंगेचा वास इतका की जीभ बधिर होते. तुळशीत आणि दालचिनीच्या पानात युजेनॉल नावाचा तोच वासाचा घटक आहे, लवंगेतलाच; दोन्ही एकत्र आले की बेरीज होते. तिखी ५ च्या वर नको.

मिश्रण ३. पाती ५८, तुळस २०, आलं १०, तिखी ४, पुदिना ८. हे ठेवलं. पुदिना १० च्या पुढे नेला की पातीचा लिंबूपणा थंडाव्याखाली दबतो.

मिश्रण ४. अंबाडी ५५, पाती ३०, आलं १५. लाल, आंबट. कपाला १.५ ग्रॅमच पुरतं. थंड करून प्यायला उन्हाळ्यात हेच.

मिश्रण ५. तुळस ४०, गोकर्ण ३०, पाती ३०. रंग सुरेख निळा, चव तुळशीचीच; गोकर्णीला स्वतःची चव जवळजवळ नाही. लिंबाचे चार थेंब पडले की जांभळा, कारण फुलातलं निळं रंगद्रव्य आंबटपणात रूप बदलतं. पाहुण्यांसाठी ठीक. रोजच्या बरणीत गोकर्ण घालण्यात अर्थ नाही, कप भरताना तीन-चार फुलं वरून टाकावीत.

तुकड्यांचा आकार सारखा केल्यावर आलं तळाशी जाणं बरंच थांबलं: पाती पाच मि.मी., तुळस हाताने चुरून पाचच्या चाळणीतून, आलं तीन-चार. तरीही बरणी कपाआधी आडवी फिरवायची, उभी हलवायची नाही. उभी हलवली की जड तुकडे आणखी खाली बसतात.

१२ फेब्रुवारी

काढण्याची पद्धत, मिश्रण ३ वर. २०० मि.लि. पाणी, २ ग्रॅम.

उकळतं पाणी ओतून झाकण ठेवून ५ मिनिटं: वास पूर्ण, कडूपणा नाही. ८ मिनिटं: तुळस थोडी तुरट, चालेल. झाकण न ठेवता ५ मिनिटं: रंग तोच, वास अर्धा, बशी उचलल्यावर खालून गळणारे थेंब चाखले की कळतं वास कुठे जातो. पाण्यात घालून ५ मिनिटं उकळलं: वास खोलीभर, कपात कडू पाणी.

वैद्यकातली जुनी विभागणी इथे तंतोतंत लागू पडते. पानाफुलांचा फांट, म्हणजे गरम पाणी ओतून झाकणं. मुळं आणि साल यांचा काढा, म्हणजे आटवणं. घरोघर गवती चहा पाण्यात घालून खळखळ उकळतात ती सवय दुधाच्या चहाची आहे. दुधाच्या चहात पाती घालायचीच तर गॅस बंद केल्यावर, झाकणाखाली तीन मिनिटं. फक्त आल्याचा असेल तर उलटं: आलं ६ मिनिटं उकळून मग विस्तव बंद आणि त्यात पानं.

अंबाडीचं मिश्रण दुधात घातलं तर दूध फाटतं. ते ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यातही नको. स्टील किंवा काच.

यात चहाचं झाड कुठेच नाही, त्यामुळे कॅफीन नाही. पण पानं आहेत म्हणून निरुपद्रवी असंही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तुळस, रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर अंबाडी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात तर विचारल्याशिवाय नकोच.

४ मे

भिरंडं. साल काढून, गर बाजूला, साल उन्हात. नेहमीच्या सोलांना गराचा रस आणि मीठ लागतं. चहासाठीची वेगळी ठेवली, बिनमिठाची. बाजारातली सोलां चहात घातली तर खारट लागतं, धुऊन मीठ पूर्ण जात नाही. सहा दिवस कडक ऊन, बोटाला चिकटणं थांबेपर्यंत. मिश्रण ४ मध्ये अंबाडी कमी पडली तर तिच्या जागी निम्म्या वजनाची सोलां.

१९ मे

पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) साठवण सगळीकडे चालू आहे, त्यातच या बरण्या. एकूण: मिश्रण ३ चे ९०० ग्रॅम, मिश्रण ४ चे ३५०, सुटी पाती २००, आलं १२०.

पत्र्याची झाकणं काढून टाकली, समुद्राच्या हवेत आतून गंज धरतात. रबरी कड्याच्या, चाप लावायच्या काचेच्या बरण्या. भरताना गच्च, वर बोटभरच जागा. रिकाम्या जागेतली हवा म्हणजे ओल. पॉलिथीनच्या पिशव्या नकोत, पातळ पिशवीतून वास आठवड्यात बाहेर येतो. प्रत्येक ४०० ग्रॅमला १० ग्रॅम पांढरी सिलिका, कापडाच्या पुरचुंडीत. निळी सिलिका खाण्याच्या वस्तूत ठेवायची नाही, तिचा रंग कोबाल्टचा असतो. भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी मिठाच्या बरणीत चालते, इथे तिने आर्द्रता दोन टक्केही उतरली नाही.

बरण्या कपाटात, अंधारात, भिंतीपासून दूर. पश्चिमेची भिंत पावसात ओली होते.

२ जुलै

मिश्रण ३ ची मोठी बरणी १५ जूनपासून रोज उघडत होती. मापक: तेव्हा ४५, आज ६३. चोळल्यावर पान मोडत नाही, वाकतं. बुरशी नाही, पण वास बसका. रोज अर्धा मिनिट उघडणं म्हणजे रोज बरणीभर ९० टक्क्यांची हवा आत घेणं, आणि दुसरी चूक त्याहून मोठी: उकळत्या भांड्यावर बरणी धरून चमच्याने काढणं. वाफ सरळ आत.

४०० ग्रॅम परत पेटीत, ४० अंश, दीड तास, तेवढ्यात ४८ झाले. वास थोडा गेलाच, तो परत येत नाही. पुदिना सगळ्यात आधी उतरला. कपाला २ ऐवजी २.५ ग्रॅम घ्यावे लागतात.

न उघडलेल्या दोन बरण्या: ४४ आणि ४६.

बदल: रोजच्यासाठी १०० ग्रॅमची छोटी बरणी, साधारण दहा दिवसांची, दोन माणसांना दिवसाला दोन-दोन कप धरून. मोठी दहा दिवसांतून एकदा, दुपारी, पाऊस उघडलेला असताना, स्वयंपाकघराबाहेर उघडायची. चमचा कोरडा, बरणी चुलीपासून लांब. छोट्या बरणीवर भरल्याची तारीख.

गवती चहाचे ठोंब वर्षाचे झाले, फुटवे चाळीसच्या आसपास. पावसातली पात लांब, रुंद आणि पाणचट, वास कमी. ती ताजीच वापरायची, पेटीत घालून वीज जाळायची नाही. वाळवण्याची कापणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा छाटून पन्नास-साठ दिवसांची पात मिळेल. त्याआधी दोन बल्ब जास्तीचे आणून ठेवायचे आहेत, दुकानात तारेचे बल्ब मिळणं कठीण झालं आहे.